बीडीएसनंतरची नऊ दारे

वाचकहो, बारावीनंतरच्या ‘नीट’ परीक्षेविषयी आता गावोगावच्या घरांना पुष्कळ काही ठाऊक असते. किती गुणांना सरकारी एमबीबीएस मिळते, किती गुणांना ते हुकते आणि हुकले तर बीडीएस घ्यावे की आयुर्वेद, याची चर्चा आमच्याकडे चहाच्या टपरीवरही चालते. परंतु तेच मूल चार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता संपवून दंतवैद्य होते, तेव्हा त्याच्यासमोर आणखी एक परीक्षा उभी असते. ती आहे ‘नीट-एमडीएस’. तिच्याविषयी घरात फारसे कोणी बोलत नाही. कारण फारसे कोणाला माहीत नसते. आई-वडिलांना वाटते, शिक्षण झाले. मुलाला वाटते, आत्ता कुठे सुरुवात झाली. या दोन समजुतींमधील अंतरात जे घडते, त्याविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे.

मी दंतवैद्य नाही. पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या मोडनिंब या गावात साधा एमबीबीएस डॉक्टर म्हणून व्यवसाय करतो. मात्र दाढ दुखू लागलेला मनुष्य आमच्याकडे आधी माझ्यासारख्याकडेच येतो आणि प्रवेशाचा अर्ज हातात घेतलेला पालकही, दवाखान्याची गर्दी ओसरली की माझ्याच समोरच्या बाकावर बसतो. त्यामुळे दुखणारे दात आणि दातांच्या डॉक्टरकीची ओढाताण, असे दोन्ही मला जवळून पाहायला मिळते.

प्रथम या परीक्षेचे स्वरूप समजून घेऊ. नीट-एमडीएस ही राष्ट्रीय वैद्यकीय विज्ञान परीक्षा मंडळातर्फे संगणकावर घेतली जाते. प्रश्न २४०, वेळ तीन तास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. एकूण गुण ९६०. देशात बीडीएसच्या जागा २५ हजारांहून अधिक आहेत आणि एमडीएसच्या ६ हजारांहून थोड्या अधिक. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की कोणालाही वाटेल, चार जणांत एकाला जागा मिळणार, म्हणजे स्पर्धा भयंकर आहे. तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे सत्य अधिक विचार करायला लावणारे आहे.

एमडीएस ही एक पदवी दिसत असली, तरी आत शिरण्याची दारे नऊ आहेत. वेडेवाकडे दात आणि जबड्याची ठेवण सरळ करणारी शाखा म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्स. किडलेला दात वाचवणारी, रूट कॅनाल करणारी शाखा म्हणजे एन्डोडॉन्टिक्स. कवळी, कॅप, ब्रिज आणि दंतरोपण यांची शाखा प्रॉस्थोडॉन्टिक्स. जबड्याचे अस्थिभंग, अक्कलदाढा, गाठी आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया यांची मुखशल्यचिकित्सा. लहान मुलांच्या दातांची बालदंतचिकित्सा. हिरड्या आणि दातांभोवतीच्या हाडाची पेरिओडॉन्टॉलॉजी. तोंडाच्या रोगांचे निदान व क्ष-किरण पाहणारी मुखरोगनिदानाची शाखा. तोंडातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोग ओळखणारे मुखविकृतिशास्त्र. आणि नववी, गावे, शाळा व वस्त्या यांच्या दंतारोग्याचा विचार करणारी सामाजिक दंतवैद्यकाची शाखा. प्रत्येकीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, प्रत्येकीची पदवी एमडीएसच. पण प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की या नऊ दारांपुढे सारखी गर्दी कधीच दिसत नाही.

वरच्या क्रमांकाचे विद्यार्थी सर्वसाधारणपणे ऑर्थोडॉन्टिक्स, एन्डोडॉन्टिक्स, प्रॉस्थोडॉन्टिक्स आणि मुखशल्यचिकित्सा या चार शाखांकडे वळतात. बालदंतचिकित्सा आणि हिरड्यांची शाखा मध्यावर राहतात. मुखरोगनिदान, मुखविकृतिशास्त्र आणि सामाजिक दंतवैद्यक यांच्याकडे बहुतेक जण शेवटी पाहतात. या क्रमामागे फार मोठे गूढ नाही. तारा बसवण्याचा उपचार दीड-दोन वर्षे चालतो, रुग्ण दर महिन्याला येतो आणि एकच तज्ज्ञ आठवड्याच्या वेगवेगळ्या दिवशी चार गावांतील दवाखान्यांत जाऊ शकतो. आमच्या टेंभुर्णी, कुर्डुवाडी, पंढरपूर या पट्ट्यात असे फिरते तज्ज्ञ नेमाने येतात. रूट कॅनालची गरज तर घरटी असते. याउलट सूक्ष्मदर्शकाखाली काच पाहणाऱ्या तज्ज्ञाकडे कोणी रुग्ण दार ठोठावून येत नाही. त्याची नोकरी बहुधा महाविद्यालयात आणि महाविद्यालयांतील जागा मोजक्या.

ही चढाओढ केवळ आपल्याकडचीच आहे, असेही नाही. अमेरिकेत दंतवैद्यकाच्या १२ शाखांना मान्यता आहे आणि तिथेही मुखशल्यचिकित्सा, ऑर्थोडॉन्टिक्स व एन्डोडॉन्टिक्स यांच्यासाठीच खरी धावपळ असते. तिथे मुखशल्यचिकित्सेचे प्रशिक्षण चार वर्षांचे, किंवा एमडीची पदवी जोडून घेतली तर सहा वर्षांचे असते. इंग्लंडमध्ये तर चेहरा व जबड्याचा शल्यचिकित्सक होण्यासाठी दंतवैद्यक आणि वैद्यक अशा दोन्ही पदव्या लागतात. आपल्याकडे तीच शाखा बीडीएसनंतर तीन वर्षांत पुरी होते. मात्र त्या तीन वर्षांत रात्रपाळ्या, अपघात विभाग आणि शस्त्रक्रियागृह यांतच दिवस जातात. महामार्गावरील दुचाकीच्या अपघातात जबडा मोडलेला तरुण मी सोलापूरला पाठवतो, तेव्हा त्याला हाच शल्यचिकित्सक पुन्हा घास चावण्यायोग्य करतो. या शाखेची मागणी मला कधी अवाजवी वाटलेली नाही.

आता त्या दुसऱ्या अर्ध्या सत्याकडे येऊ. एकीकडे एवढी स्पर्धा, तर दुसरीकडे एमडीएसच्या जागा रिकाम्या राहतात. पात्रतेची रेषा खुल्या गटासाठी ५० पर्सेंटाइल आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गासाठी ४० पर्सेंटाइल अशी आहे. परंतु जागा भरत नाहीत म्हणून ही रेषा मधूनमधून खाली आणावी लागली आहे. २०२२ आणि २०२४ या वर्षी तर ती २० पर्सेंटाइलपेक्षाही अधिक खाली आणली गेली. येथे पालकांची एक गल्लत होते, ती दूर केली पाहिजे. ५० पर्सेंटाइल म्हणजे ५० टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या पुढे असणे, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे ‘पात्र’ झाल्याचा निरोप आला, म्हणजे हवी ती शाखा मिळाली, असे मुळीच नाही. पात्रता हे केवळ अंगणात येणे आहे. दार कोणते उघडेल, हे क्रमांक, प्रवर्ग, कोटा आणि फी यांवर ठरते.

सरकारी जागांचा हिशेब तर आणखी बारीक आहे. मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय, १९३३ साली सुरू झालेले महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, नागपूरचे आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय महाविद्यालय ही महाराष्ट्रातील जुनी व अल्प शुल्काची ठिकाणे. तिथे एकेका शाखेच्या जागा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. त्यांतील निम्म्या अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या राज्याच्या फेरीत येतात आणि त्याही निरनिराळ्या प्रवर्गांत वाटल्या जातात. म्हणजे एखाद्या विद्यार्थिनीच्या वाट्याला सरकारी ऑर्थोडॉन्टिक्सची म्हणून सबंध महाराष्ट्रात एखाद-दुसरीच जागा प्रत्यक्षात खुली असते. अभिमत विद्यापीठांच्या जागा केंद्रीय समुपदेशन समितीकडून, तर राज्यातील इतर खासगी महाविद्यालयांच्या जागा राज्याच्या सीईटी कक्षाकडून भरल्या जातात. दिल्लीच्या एम्ससारख्या राष्ट्रीय संस्थांसाठी ‘आयएनआय-सीईटी’ ही परीक्षा वेगळीच. तेव्हा ‘स्पर्धा किती आहे?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणत्या दाराशी, कोणत्या किमतीत, असे विचारले तरच उत्तर मिळते.

हा सगळा हिशेब मला तोंडपाठ झाला, त्याला कारण माझी भाची. तिने बीडीएस चांगल्या गुणांनी केले. पहिल्या प्रयत्नात क्रमांक मागे पडला. दुसऱ्या प्रयत्नात सुधारला. पण सरकारी ऑर्थोडॉन्टिक्सपर्यंत पोचला नाही. सरकारी मुखरोगनिदान मात्र मिळण्यासारखे होते. एका खासगी महाविद्यालयात ऑर्थोडॉन्टिक्सही मिळत होते. पण त्या जागेची तीन वर्षांची फी भरायची, तर डाळिंबाच्या बागेतले दोन एकर विकावे लागणार होते. तिसरा मार्ग म्हणजे आणखी एक वर्ष अभ्यास. निर्णयासाठी ती तिघे माझ्याकडे आली.

दाजी म्हणाले, “डॉक्टर, जमीन पोरीसाठीच आहे. विकू. पण मिळायचं ते चांगलं मिळू दे.”

बहीण म्हणाली, “दादा, वय पंचवीस झालं. अजून एक वर्ष नुसतं पुस्तकात घालवायचं, मग तीन वर्षं शिकायचं. पाहुणे विचारतात, त्यांना काय सांगू?”

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मामा, सगळे ऑर्थो घेतात म्हणून मी ऑर्थो म्हणते आहे. मला ते काम आवडतं का, हेच मला नीट ठाऊक नाही.”

वाचकहो, एवढे स्पष्ट उत्तर मी फार थोड्या मुलांकडून ऐकले आहे. दोन वर्षे ती ज्या दारासाठी धडपडत होती, त्या दारापलीकडची खोली तिने स्वतःच्या मनाने कधी पाहिली नव्हती. यात तिचा दोष नाही. क्रमांकाची यादीच अशी असते, की वरचे ते श्रेष्ठ आणि खालचे ते कनिष्ठ, असा समज आपोआप रुजतो. मागणीचा क्रम हा उपयुक्ततेचा क्रम नाही आणि आवडीचा तर नाहीच नाही.

पर्याय भरण्याला अजून दिवस होते. मी तिला म्हणालो, “पंधरा दिवसांपैकी एक आठवडा त्या फिरत्या ऑर्थोडॉन्टिस्टबरोबर जा आणि एक आठवडा माझ्या दवाखान्यात बस. येईल त्या प्रत्येक माणसाचे तोंड उघडून पाहा. ताप असो, खोकला असो, गुडघा दुखो.”

त्या दुसऱ्या आठवड्यात तिने काय पाहिले, ते सांगितले पाहिजे. कारण ते आपल्या घरांशीही संबंधित आहे. पाठीच्या दुखण्यासाठी आलेला उसाच्या ट्रॅक्टरचा एक तरुण चालक होता. त्याच्या तोंडात तिची दोन बोटेही सरळ जाईनात. निरोगी माणसाच्या उघडलेल्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी जातात. ही चाचणी घरच्या घरी कोणालाही करता येते. तोंड हळूहळू आखडत जाण्याचा हा विकार मुख्यतः सुपारीमुळे होतो आणि पुढे त्यातून कर्करोग होण्याचा धोका असतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही त्याला पुरेशी असते, हे आजही अनेकांना ठाऊक नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून घेऊन तळहातावर एकत्र होतातच. एक आजी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आल्या होत्या. चाळीस वर्षे मिश्री लावणाऱ्या. त्यांच्या गालाच्या आत पांढरा, खरखरीत चट्टा होता. त्यांना तो दुखत नव्हता म्हणून त्यांनी कधी कोणाला दाखवला नव्हता.

आपल्या सोलापूर जिल्ह्याला या रोगाची ओळख नवी नाही. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली आपल्याच बार्शीत सुरू झाली. तेव्हा खेडोपाडी जाऊन, लोकांशी बोलून, तोंडे पाहून रोग हुडकण्याचे जे काम झाले, तेच मुखरोगनिदान आणि सामाजिक दंतवैद्यक या शाखांच्या मुळाशी आहे. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग हा सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. तो डोळ्यांना दिसतो, बोटांना लागतो, यंत्राशिवाय सापडू शकतो आणि तरीही आमच्याकडे पुष्कळदा उशिराच सापडतो. जो देश या रोगाने इतका गांजलेला आहे, त्या देशात तो ओळखायला शिकवणाऱ्या शाखांच्याच जागा रिकाम्या राहाव्यात, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

तरीही मी त्या मुलीला ‘समाजासाठी हीच शाखा घे’ असे सांगितले नाही. पंचवीस वर्षांच्या मुलीने सबंध जिल्ह्याची तोंडे आपल्या शिरावर घ्यावीत, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. मुखरोगनिदानाच्या तज्ज्ञाला तारा बसवणाऱ्यांइतके उत्पन्न बहुधा मिळत नाही, हे खरे आहे आणि ते तिला लपवून न ठेवता सांगणे माझे काम होते. मात्र त्याचबरोबर हेही सांगितले, की एमडीएसची शाखा कोणतीही असली, तरी मूळची बीडीएसची विद्या कोणी हिरावून घेत नाही. या शाखांतील बहुतेक जण सर्वसाधारण दंतोपचारही करतात. आणि दाजींना सांगितले, की विकलेली जमीन परत मिळत नाही; शाखा न आवडली, तर ती मुलगी त्या दोन एकरांचे ओझे घेऊन आयुष्यभर त्या खुर्चीशी उभी राहील.

तिने सरकारी मुखरोगनिदान घेतले. सध्या ती पहिल्या वर्षात आहे. तिला ते काम आवडते. पण तिच्या वर्गमैत्रिणी तारा बसवतानाची छायाचित्रे पाठवतात, तेव्हा मन थोडे खट्टू होते, असेही तिने मला सांगितले. दाजी अजूनही पाहुण्यांना शाखेचे नाव सांगत नाहीत. ‘दातांची मोठी डॉक्टर होतेय’ एवढेच म्हणतात. बाग मात्र जागेवर आहे. निर्णय योग्य होता की नाही, हे दहा वर्षांनी तीच सांगू शकेल.

ज्यांच्या घरी अशी वेळ येणार आहे, त्यांनी काही गोष्टी मनाशी ठरवून ठेवाव्यात. पहिली म्हणजे, बीडीएस ही अर्धी पदवी नाही. त्या पदवीवर दवाखाना काढता येतो, शासनाच्या ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सकाच्या पदासाठी अर्ज करता येतो. मी स्वतः एमबीबीएसवर थांबलो आणि त्याची मला कधी लाज वाटलेली नाही. दुसरी म्हणजे, परीक्षेचे किती प्रयत्न करायचे, हे निकाल लागण्याआधी ठरवावे; निकालानंतर ठरवले, तर निराशा ठरवते. प्रयत्नाच्या काळात आठवड्याचे काही दिवस तरी एखाद्या दवाखान्यात काम करावे. हाताची सवय राहते, चार पैसे मिळतात आणि आत्मविश्वास टिकतो. तिसरी म्हणजे, शाखा निवडण्याआधी त्या शाखेच्या तज्ज्ञाबरोबर पूर्ण दिवस बसावे; कंटाळवाण्या दिवशी ते काम कसे दिसते, ते पाहावे. चौथी म्हणजे, फीचा हिशेब तीन वर्षांचा, वसतिगृह, जेवण व साहित्यासह करावा आणि विद्यावेतन प्रत्यक्षात किती व केव्हा हातात पडते, हे त्याच महाविद्यालयात शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना विचारावे. पाचवी म्हणजे, कोट्याची पात्रता, जागा सोडल्यास होणारा दंड आणि पुढच्या फेऱ्यांवरील निर्बंध हे सर्व त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाचावे. गेल्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर पर्याय भरू नयेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे, मुलाला किंवा मुलीला एकदा शांतपणे विचारावे, “तुला दिवसभर कोणते काम करायला आवडेल?” हा प्रश्न फार साधा आहे, पण सहा-सात वर्षांच्या धावपळीत तो अनेक घरांत एकदाही विचारला जात नाही. उत्तर लगेच मिळाले नाही, तरी घाई करू नये. तोवर आपण एक काम करावे: आरशासमोर उभे राहून स्वतःची तीन बोटे तोंडात जातात का, ते पाहावे; जीभ, गाल आणि हिरड्या उजेडात बघाव्यात. तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला, तर तो दुखण्याची वाट न पाहता दंतवैद्याला दाखवावा. तो दंतवैद्य नऊपैकी कोणत्या दाराने आत गेला होता, याची चौकशी त्या क्षणी आपण करणार नाही. त्याने तोंड नीट उघडून पाहिले की नाही, एवढेच आपल्यासाठी महत्त्वाचे असेल.